लोखंड आधी बोलतं

छबुबाईच्या चहाच्या टपरीवर दुधाचं एक पातेलं होतं. त्याला दरवर्षी पोचा पडायचा, आणि दरवर्षी ती तो वरवंट्यानं आतून ठोकून काढायची.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता.

सीताफळाची बी दाताखाली आली की बारीक आवाज होतो. बाहेर कुणाला ऐकू येत नाही. आपल्याला येतो.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात मांडीचं हाड मोडलेल्या माणसाच्या पायाला दोरी बांधतात आणि दोरीच्या टोकाला विटा.

लातूरहून मला बघायला आलेल्या बाईंनी विचारलं, "काय काय येतं?" मी म्हणाले, "चाकाचा आऊट काढता येतो." सगळे हसले. त्यांना वाटलं, मुलगी विनोदी आहे.

हे सुटे भाग एकाच सायकलचे आहेत. अप्पा, म्हणजे माझे वडील अण्णाराव, सायकल खोलताना पोत्यावर एकेक नट, एकेक छर्रा मांडून ठेवायचे. आधी सगळं मांडायचं, मग जोडायचं. मीही तसंच केलं.

आता जोडते.

•

पाणी

केज, १९९९. दिवाळी तोंडावर आलेली. एसटी स्टँडच्या मागं आमचं 'मन्मथ सायकल मार्ट'. वेल्डिंगच्या उजेडानं अप्पांचे डोळे अधू झाले होते, म्हणून एकविसाव्या वर्षी दुकान माझ्या हातात आलं होतं. पंक्चर, आऊट म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ करणं, गॅसवर पितळ वितळवून मोडकी फ्रेम जोडणं… सगळं. गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं, आणि माझ्या मागं कुणीतरी असेल म्हणून मान वाकडी करायचं.

त्यानंही केली.

"मालक न्हाईत का?"

"मीच हाय."

"मग थांबतो."

"कुणासाठी?"

"…मालकासाठी."

तोवर मी चाक काढलं होतं. काळी जुनी सायकल, कॅरिअरला दोरीनं बांधलेल्या वह्या. ट्यूब बाहेर काढून हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. तो वाकला. पाण्यात माझ्या चेहऱ्याशेजारी त्याचा चेहरा आला — उन्हानं रापलेला, भुवईवर धूळ. दोघांच्या मधून बुडबुड्यांची माळ वर येऊ लागली.

"हे बघा, इथं हाय भोक," मी म्हणाले.

"मला तर तुमचं बोट दिसतंय."

मी बोट काढलं. तो अजून पाण्यातच बघत होता.

काटा बाभळीचा निघाला. धारूरच्या डोंगरातला. तो रोज तिकडून केजच्या कॉलेजला सायकलवर येत होता — बावीस किलोमीटर यायला, बावीस जायला.

"एसटी न्हाई का तुमच्याकडं?"

"हाय की. थांबत न्हाई."

नाव विचारलं नव्हतं तरी जाताना सांगून गेला. गहिनीनाथ.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर. मी काटा बोटांत धरून उजेडात फिरवला.

"हा काटा आपसूक गेलेला न्हाई."

"मग?"

"रस्त्यात गेला असता तर मोडला असता. हा अंगठ्यानं दाबून बसवलाय कुणीतरी. जरा सुदिक वाकला न्हाई."

त्याचे कान लाल झाले. "आमच्याकडच्या बाभळी लई हुशार हायत," तो म्हणाला.

समोरच्या टपरीवर छबुबाईनं चहा गाळता गाळता मोठ्यानं खोकून घेतलं.

•

वर्षातले सहा महिने

त्याचे आई-वडील दसऱ्याला कोयता घेऊन साखर कारखान्याकडं गेले होते. अर्धं गाव जायचं. मागं म्हातारी माणसं, शेळ्या, कुलपं. घरी तो आणि आंधळा आजोबा. सकाळी भाकरी करून, आजोबाच्या हाताशी पाणी ठेवून तो निघायचा.

एकदा पिशवीभर सीताफळं घेऊन आला. आम्ही काउंटरवर बसून खाल्ली. मी बिया एका रांगेत मांडत होते.

"कावून मोजताय?"

"मोजत न्हाई. मांडतेय."

"माझ्या बिया तुमच्या रांगेत टाकल्या तर चालतील?"

"…टाका."

त्या बिया मी नंतर फेकल्या नाहीत. छर्र्यांच्या डबीत ठेवल्या.

मग एक दिवस तो धावत आला. सायकल स्टँडला न लावता भिंतीला टेकवून.

"शिवकन्या, रेस हाय!"

तोपर्यंत त्यानं माझं नाव कधी घेतलं नव्हतं. रेस कुठं, कधी, हे मला थोड्या वेळानं ऐकू यायला लागलं.

जानेवारीच्या तीस तारखेला धारूरच्या घाटात जिल्ह्याची सायकल स्पर्धा. घाटाखालून निघायचं, डांबरी रस्त्यानं वर चढायचं, आणि किल्ल्यामागच्या कच्च्या वाटेनं खाली यायचं. पहिले दोन राज्याच्या संघात. राज्याचं प्रमाणपत्र हातात आलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर हक्क.

"आन न्हाई आलं तर?" मी विचारलं.

"तर आई म्हणती, पुढच्या दसऱ्याच्या आत माझा कोयता पुरा करायचा."

"म्हंजे?"

"लगीन. मी सध्या अर्धा कोयता हाय ना." तो हसला. हसताना खालीच बघत होता. "बायको आली की पुरा."

"मग करा की."

"उसाच्या पाल्यानं हात कापत्यात. तुमचे हात…" तो थांबला. "तुमचे हात पितळ जोडायचे हायत."

ग्रीसनं काळे झालेले माझे हात काउंटरवर होते. मी ते ओढणीखाली घेतले.

"म्हून पोलीस व्हायचंय," तो म्हणाला. "क्वार्टर मिळती. खाली गाळा काढता येईल… दुकानासाठी."

यालाच जर कुणी मागणी म्हणत असेल, तर त्यानं मला मागणी घातली ती अशी. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच —

"काळ्या सायकलीवर घाट चढून हुईल का पण?"

•

दोन फ्रेम

आमच्या दुकानात खुंटीला एक फ्रेम होती. गिअरच्या डोंगरी सायकलची, लोखंडी, हिरवी. टीव्हीवर जाहिराती यायला लागल्या तेव्हा अप्पांनी हौसेनं मागवलेली. केजात कुणी घेतली नाही.

दुसरी त्याच्या मावसभावानं पुण्याहून धाडली. एका परदेशी विद्यार्थ्यानं जाताना विकलेली आख्खी सायकल, एसटीच्या टपावर बांधून आली. पुढं स्प्रिंगचा फोर्क, मागं कडक. फ्रेम रंग न दिलेली, चंदेरी. मी नख मारून बघितलं.

"जर्मल!" छबुबाई रस्ता ओलांडून आली. "का माय, माझ्या पातेल्याची सायकल केली की गं कुणीतरी."

आमच्याकडं अ‍ॅल्युमिनियमला जर्मल म्हणतात. ताट जर्मलचं, तांब्या जर्मलचा, छबुबाईचं पातेलं जर्मलचं. त्या दिवशी पहिल्यांदा सायकल जर्मलची आली.

चाकं, गिअर, फोर्क — सामान एकच. कुठल्याही फ्रेमवर चढत होतं. प्रश्न फक्त फ्रेमचा. शेजारच्या केदारनाथच्या किराणा दुकानात जाऊन काट्यावर दोन्ही तोलल्या. गुळाच्या माशा उठल्या. केदारनाथनं वजनं टाकली, काढली, परत टाकली. दोन्हींतला फरक गहिनीनाथनं पेनानं तळहातावर लिहून घेतला आणि मूठ मिटली. जसं काही त्यात प्रमाणपत्रच होतं.

मी दुकानाच्या पत्र्याच्या दारावर खडूनं दोन रकाने आखले.

*लोखंड : जड.*
*जर्मल : हलकं.*

*लोखंड : गंजतं.*
*जर्मल : गंजत नाही.*

*लोखंड : खडीवर मऊ जातं.*
*जर्मल : दात वाजवतं.*

*लोखंड : मोडलं तर इथं जोडता येतं.*
*जर्मल : औरंगाबादला तरी जोडून मिळेल का, माहीत नाही.*

*जर्मल : दूध लवकर तापतं.* (छबुबाईनं सांगितलं, मी लिहिलं.)

*लोखंड : चोराला पळवताना दम लागतो.* (केदारनाथ. स्वतःच्या अक्षरात.)

स्टँडवरची माणसं येता-जाता वाचायची, भांडायची. आठवडाभर तो लोखंडावर फिरला, आठवडाभर जर्मलवर. रोज संध्याकाळी मी विचारायची.

"आज कसं?"

"लोखंडावर घाट उतरताना झोप येती, इतकं मऊ. पण चढाला… चढाला जर्मल. पाठीमागून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं."

"कोण ढकलतंय?"

"नाव घेऊ का?"

"घेऊ नका. अप्पा आत हायत."

अप्पा खरंच आत होते. बाहेर आले, दाराला जवळजवळ नाक लावून रकाने वाचले आणि माझ्या हातातला खडू घेतला. थरथरत्या अक्षरात लोखंडाखाली लिहिलं : *आधी बोलतं.*

"म्हंजे काय, मालक?" गहिनीनाथनं विचारलं.

"लोखंड मोडायच्या आधी बोलतं, बाबा. करकरतं. रंगाला चीर पडती. वाकतं. माणसाला उतरायला येळ देतं." त्यांनी चंदेरी नळीवरून हात फिरवला. "ह्याची बोली आपल्याला येत न्हाई."

"मग कुठली घ्यावी?"

"तुझी तू ठरव."

अप्पा आत गेल्यावर गहिनीनाथ माझ्याकडं वळला. "तुमी सांगाल ती."

दाराच्या आतल्या बाजूला कॅलेंडर होतं. त्यावर अप्पांनी पाच फेब्रुवारीभोवती गोल केला होता. लातूरची माणसं त्या दिवशी कुंकू लावायला येणार होती. मुलाचं नाव वीरेश. भुसार मालाची अडत. आमच्यातलाच, गळ्यात लिंग असलेला. नाव ठेवायला जागा नव्हती. अप्पांना गहिनीनाथबद्दल मी विचारलं होतं — सरळ नाही, आडून. ते म्हणाले होते, "पोरगं गुणाचं हाय. पण तुझ्या हातचा परसाद त्याच्या घरचे खातील, आन त्याच्या आईच्या हातचा मी खाईन का, हे मलाच सांगता येत न्हाई बाई. सरकारी नोकरी असती, तर चार माणसांपुढं तोंड तरी उघडता आलं असतं."

तीस जानेवारी ते पाच फेब्रुवारी. सहा दिवस. राज्याच्या संघात नाव आलं की अप्पांना तोंड उघडता येणार होतं.

लोखंड माणसाला वेळ देतं. माझ्याकडं वेळ नव्हता.

मी म्हणाले, "जर्मल."

•

इथं थोडं सुख आहे

डिसेंबर. सकाळी धुकं, हातमोज्यांना भोकं. तो घाट चढून यायचा तेव्हा अंगातून वाफा निघायच्या. मी त्याच्या गिअरची तार ताणायची. तो म्हणायचा, अजून थोडी. मी म्हणायची, तुटेल. तो म्हणायचा, तुमी हाय की.

एकदा माझ्या गालाला ग्रीस लागलं. त्यानं बोट पुढं केलं… आणि हवेतच ठेवलं.

"इथं."

"कुठं?"

"इथं. न्हाई… खाली. न्हाई…"

"पुसा ना मग."

त्यानं पुसलं. ग्रीस दुप्पट पसरलं. छबुबाई टपरीतून ओरडली, "रॉकेल देऊ का रं?"

एवढंच आहे. जास्त असतं तर लिहिलं असतं.

•

पोचा

सव्वीस जानेवारी. अप्पा लातूरला, कुंकवाच्या कार्यक्रमाचं ठरवायला. दुकानात मी एकटी.

तो सायकल खांद्यावर घेऊन आला. किल्ल्यामागच्या वाटेवर पडला होता. स्वतःला खरचटलेलं. फ्रेमचं मात्र मागचं चाक जिथं बसतं तिथली उजवी नळी आत वाकली होती, करंगळी मावेल एवढी. चाक नळीला घासत होतं.

हिरवी लोखंडी फ्रेम डोक्यावर खुंटीला होती. मी तिच्याकडं बघितलं. त्यानंही बघितलं. सगळं सामान उतरवून तिच्यावर चढवायला तीन तास. संध्याकाळपर्यंत झालं असतं.

"दोन महिने ह्याच्यावर चढलोय," तो म्हणाला. "आता चार दिवसांत लोखंडाची सवय…"

"सरळ करता येईल," मी म्हणाले.

"येईल?"

"छबुमावशीचं पातेलं बघा. पंधरा वर्षं ठोकतीय. फुटलंय कधी?"

हे मी म्हणाले. दुसरं कुणी नाही.

लोखंडी फ्रेम अशी वाकली की आम्ही एकच करायचो. एकानं फ्रेम गुडघ्यांत धरायची, दुसऱ्यानं पाण्याच्या पाइपाचा तुकडा आत घालून तरफेसारखा दाबायचा. शेकडो वेळा केलेलं काम. तो बैठक मारून बसला, फ्रेम गुडघ्यांत. मी त्याच्यापुढं, त्याच्याकडं पाठ करून बसले आणि पाइप घातला. गळ्यातला लिंगाचा दोरा आत खोचला. दाबलं. हललं नाही.

"थांबा," तो म्हणाला. आणि मागून हात पुढं करून त्यानं माझ्या हातांवर हात ठेवले.

त्याचे हात गरम होते. त्यावर खरचटल्याचं रक्त होतं, अजून ओलं.

"एक, दोन…"

नळी आली. हळूहळू, लोण्यासारखी आली. मी अजून थोडं दाबलं, आणि तेव्हा —

टिक्.

बारीक. सीताफळाची बी दाताखाली यावी तेवढा.

मी थांबले. तोही थांबला. आमचे हात पाइपावर तसेच. त्याचा श्वास माझ्या कानाशी. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. बोललं असतं, तर हात सोडावे लागले असते, फ्रेम उजेडात धरावी लागली असती, खुंटीवरची हिरवी खाली काढावी लागली असती.

किती वेळ तसे होतो? एक लूना आली, गेली.

मग मी पाना घेऊन नळीवर वाजवून बघितलं. लोखंड चांगलं असेल तर घंटेसारखं वाजतं, चीर असेल तर बद्द. हे बद्द वाजलं. पण जर्मल नेहमीच बद्द वाजायचं.

चाक घातलं. फिरवलं. कुठं घासलं नाही.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

•

तीस

घाटाखाली स्पर्धेच्या मांडवात दुरुस्तीसाठी आमचं दुकान बोलावलं होतं. पंप, घमेलं, पान्यांची पेटी. अप्पा खुर्चीत, काळा चष्मा लावून. पंचेचाळीस पोरं. कुणाची सायकल दूध घालायची, कुणाची बापाची. चंदेरी एकच.

सुरू व्हायच्या आधी मी त्याच्या सीटखाली कापडी पिशवी बांधली — दोन पाने, सोल्युशन, ठिगळं, चेन तोडायची पिन, एक छोटी हातोडी. रस्त्यात काही झालं तर हाताशी असावं म्हणून. पिशवी सव्वा किलोची तरी असेल.

"एवढं कशाला?"

"असू द्या."

"बरं." मग हळूच : "पाच तारखेला येऊ का घरी? अप्पांशी बोलायला?"

"जिंकून या."

"हरलो तर?"

"…तरी या."

हेच माझं पहिलं आणि शेवटचं कबूल करणं. मांडवात ढोल सुरू झाला होता. त्याला ऐकू आलं असावं. त्यानं घंटी वाजवली. रेसच्या सायकलीला घंटी नसते. त्यानं बसवून घेतली होती.

वर किल्ल्याशी माणूस उभा होता, बॅटरीवरचा कर्णा घेऊन. पाऊण तासानं त्याचा आवाज घाटातून खाली आला. पहिला गहिनीनाथ. दुसरा दिसत पण नाही. अप्पांनी माझा हात धरला. दाबला. मला वाटतं, त्या क्षणी ते चार माणसांपुढं तोंड उघडायला तयार झाले होते.

मग कच्च्या वाटेवर धूळ दिसली. धूळ वळणावळणानं खाली येत होती, घंटी वाजत होती. शेवटून तिसऱ्या वळणावर धूळ एकदम वर उठली, आणि घंटी वाजायची थांबली.

मी पळाले. चढ होता. चप्पल कुठं गेली कळलं नाही.

फ्रेम दोन ठिकाणी तुटली होती. सरळ केलेली नळी आधी गेली होती, आणि तिच्या मागून दुसरी. तुटलेल्या तोंडावर अर्धा भाग चकचकीत होता, ताजा. उरलेला अर्धा काळपट. चार दिवसांची धूळ आत शिरून काळपट झालेला.

तो शुद्धीवर होता. मांडी भलत्याच जागी वळलेली. म्हणाला, "कोण पहिलं आलं?"

•

विटा

अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी एकदाच गेले. चार तारखेला. छबुबाई सोबत होती, ती व्हरांड्यात बसून राहिली. त्याचे आई-वडील आले नव्हते. टोळी मध्येच सोडता येत नाही. आजोबाला कुणीतरी सांगितलं होतं, पोरगं पहिलं आलंय.

पायाला दोरी, दोरीला चार विटा. त्यातल्या एकीवर कुणीतरी खडूनं फूल काढलं होतं.

"डॉक्टर काय म्हणत्यात?"

"पाय दीड इंच आखूड राहील." तो विटांकडं बघत होता. "भरतीत उंची मोजत्यात. कुठल्या पायावर उभं राहायचं ते इचारून घेतो."

मला हसू आलं नाही. त्यालाही नाही.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले. "त्या दिवशी. सरळ करताना. आवाज झाला होता. मला ऐकू आला. मी बोलले न्हाई."

दोरी हलली, विटा एकमेकींवर घासल्या.

"मला बी ऐकू आलता," तो म्हणाला.

"…मग कावून बोलला न्हाईत?"

"तुमी कावून बोलला न्हाईत?"

खिडकीत चिमण्या भांडत होत्या. बाजूच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग घेत होता. मी माझे हात बघितले. त्यानं माझे हात बघितले. उत्तर दोघांना ठाऊक होतं, आणि ते दवाखान्यात बोलायचं नव्हतं.

"हात सोडायचे नव्हते," तो तरीही म्हणाला.

मी खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभी होते. दांडा जरा करकरला.

"उद्या पाच तारीख," तो म्हणाला.

"हो."

"वीरेश नाव हाय म्हणत्यात. अडत हाय."

"हो."

"पोतं उचलताना कंबर मोडती त्या धंद्यात. सांगा त्यांला."

"सांगते."

"आन शिवकन्या… जर्मलला दोष देऊ नका. त्यानं सांगितलं हुतं. बारीक बोलतं, एवढंच."

•

उरलेले भाग

मे महिन्यात माझं लग्न झालं. वीरेश वाईट माणूस नाही. लातूरच्या घरी कुणाच्या सायकलचा आऊट निघत नव्हता तेव्हा मी काढून दिला, मग कुणी हसलं नाही. अप्पांनी दुकान केदारनाथला दिलं. त्यानं पत्र्याचं दार रंगवून टाकलं.

पोत्यावर नेहमी एखादा नट उरतो. सायकल पूर्ण जोडलेली असते, चालतही असते, आणि तो कुठला हे सांगता येत नाही.

चार वर्षांनी मी माजलगावला नणंदेकडं निघाले होते. एसटी धारूरच्या घाटाखाली थांबली — आता थांबते. कडुनिंबाखाली पंक्चरचं दुकान. खुंटीला आमच्या दुकानातली हिरवी लोखंडी फ्रेम, जोडलेली, वापरातली. फळीवर खडूनं :

*पंक्चर. आऊट. लोखंडी फ्रेम जोडून मिळेल.*
*जर्मल सरळ करून मिळणार नाही.*

तो घमेल्यावर वाकला होता. एका पायाखाली वीट घेतलेली, दोन्ही पाय सारखे यावेत म्हणून. शेजारी एक बाई ट्यूब धरून उभी होती. तिच्या हातांवर पाल्याचे जुने वळ होते. कोयता पुरा झाला होता, पण उसाला गेला नव्हता.

कंडक्टरनं घंटी मारली. गहिनीनाथनं घंटी ऐकून मान वर केली, पण एसटीच्या खिडक्यांकडं बघितलं नाही. मग परत पाण्यात बघू लागला. बुडबुडे येत असावेत.

केदारनाथच्या काट्यावर त्या दिवशी दोन फ्रेममधला फरक नऊशे पन्नास ग्रॅम भरला होता. सीटखाली मी बांधलेली पिशवी त्याहून जड होती.